विषाच्या डब्यातल्या सहा गोळ्या

एकोणीस वर्षांत आपल्या हातून एकही बाटली नावावाचून राहिलेली नाही, असे सूनबाई ज्याला-त्याला सांगत असे. महाविद्यालयाच्या रसायनशाळेचे भांडार तिच्या ताब्यात होते, आणि तिथे रिकाम्या बाटलीवरसुद्धा 'रिकामी' अशी चिठ्ठी असे. खाली तारीख, तारखेखाली सही. प्राध्यापक मंडळी तिच्या माघारी म्हणत, की ही बाई एक दिवस खिडकीवर 'उजेड' असे लिहून सही ठोकणार.

हीच बाई घराचा उंबरा ओलांडून आत आली, की सराईत खोटारडी होई. याला कारण तिचे सासरे.

अण्णा घड्याळजी. चाळीस वर्षे डोळ्याला भिंग लावून त्यांनी परक्यांची वेळ दुरुस्त केली, आणि ज्या वर्षी दुकानाची फळी कायमची लावली, त्याच वर्षी डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या रक्तातली साखर शोधून काढली. घरातले गोडधोड त्यांच्यापासून लपवणे भाग होते. पण ज्या माणसाने तांदळाच्या कणीएवढा स्क्रू सतरंजीतून हुडकून काढला आहे, त्याच्यापासून दोन किलो साखर लपवायची कुठे? तेव्हा सूनबाईने डबे लपवण्याऐवजी नावे बदलली. साखरेच्या डब्यावर आले 'धुण्याचा सोडा'. बिस्किटे झाली 'खिळे'. जॅमच्या बरणीला 'बूटपॉलिश' म्हणू लागले. अक्षर तेच, भांडारातले, टपोरे आणि विश्वासू.

अण्णांनी यातले प्रत्येक कोडे आठवड्याच्या आत सोडवले. खिळ्यांचा डबा त्यांनी नुसता कानाशी धरून हलवला. मग जे काय घ्यायचे ते घेऊन झाकण होते त्याच कोनात बसवून ठेवले. डब्यातली पातळी उतरली की सूनबाई नावे आलटूनपालटून लावायची; ती पालटली की अण्णा पुन्हा कामाला लागायचे. या विषयावर त्या दोघांत दोन वर्षांत एक शब्दही झाला नव्हता. बुद्धिबळाचा डाव टपालाने चालावा, तसे चालले होते.

अशा या घरात झुरळे झाली.

सूनबाईने बोरिक अ‍ॅसिड आणले. तिचा नवरा छापखान्यात मुद्रितशोधक. चूक कागदावर असेल तरच त्याला दिसे. तो म्हणाला, की एवढे घाबरण्यासारखे त्यात काय आहे, लहानपणी आई आपले डोळे त्याच्याच पाण्याने धुवायची. त्यावर सूनबाईने त्याला उभे करून ऐकवले, की तो काळ गेला. ही पांढरी पूड दिसते पिठासारखी, वास तर नाहीच. पण पोटात गेली की उलट्या, जुलाब, अंगावर लाली, आणि शेवटी सगळा भार मूत्रपिंडांवर. जखमेवर पडली तर तिथूनही अंगात शिरते. मुद्रितशोधकाने स्वल्पविराम तपासावा तशी मान हलवली.

शनिवारी सकाळी तिने तोंडाला फडके बांधले, हातमोजे चढवले, पूड उडू नये म्हणून पंखा बंद केला आणि खास या कामासाठी बाजूला काढलेल्या जुन्या भांड्यात बोरिक अ‍ॅसिड, कणीक, दुधाची पावडर आणि साखर एकत्र मळून चोवीस गोळ्या वळल्या. प्रत्येक गोळीत किती पूड गेली, तेही वहीत टिपले. अठरा गोळ्या कपाटांच्या मागे आणि मोरीच्या नळाखाली, जिथे कोणाचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवल्या. भांडे फेकले. हात दोनदा धुतले. शस्त्रक्रिया अशी झाली, की झुरळांनीही टाळ्या वाजवाव्यात.

उरल्या सहा गोळ्या. आणि एकोणीस वर्षांची ती तपस्विनी इथे घसरली. रसायनशाळेत पहिल्या दिवशी जे शिकवतात, की खाण्याच्या डब्यात विष ठेवू नये आणि विषाच्या शेजारी खाणे ठेवू नये, तेच ती विसरली. बिस्किटांचा एक रिकामा डबा तिने पुसला, सहाही गोळ्या त्यात ठेवल्या, डबा स्वयंपाकघरातल्या कपाटात सरकवला, आणि त्यावर तांबड्या शाईने लिहिले: 'विष. खाऊ नये.' तारीख. सही.

तिच्या मते या इशाऱ्यात काही कमी नव्हते. पण हा इशारा अण्णांच्या डोळ्यांनी वाचून पाहावा. ज्या घरात बिस्किटाला खिळे म्हणतात आणि जॅमला बूटपॉलिश, त्या घरात 'विष' कशाला म्हणत असतील? सोडा झाला, खिळे झाले, आता थेट विष. म्हणजे आतला ऐवज तसाच तोलामोलाचा असणार. रविवारी सकाळी तांबडी अक्षरे पाहून अण्णांना भरून आले. आपल्या बुद्धीची या घराला अखेर कदर वाटली, असे त्यांना वाटले.

दहाच्या सुमारास सूनबाईने एक गोळी बदलायची म्हणून डबा उघडला. डबा रिकामा होता. झाकण मात्र अगदी होते त्याच कोनात बसवलेले होते, आणि त्या कोनावरूनच तिला कळले, की हात कोणाचा.

अण्णा गॅलरीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांचा जबडा हलत होता.

"अण्णा, तोंडात काय आहे?"

"दात," अण्णा म्हणाले.

तिने त्यांना तोंड उघडायला लावले, चूळ भरायला लावली, चूळ निरखून पाहिली. किती खाल्ल्या, असे विचारले तर अण्णांनी वर्तमानपत्राचे पान उलटले. कशा किती, हा त्यांचा प्रश्न. त्या गोळ्यांत विष होते, असे तिने सांगितल्यावर ते वडीलकीने हसले आणि म्हणाले, की चिठ्ठी आपण वाचली आहे, अक्षर छान आहे.

आरडाओरडा ऐकून मुद्रितशोधक धावत आला आणि त्याने ताबडतोब चुकीची गोष्ट केली. तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ कालवून तो अण्णांना उलटी करवायला निघाला. सूनबाईने तो तांब्या त्याच्या हातून हिसकून बेसिनमध्ये ओतला. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उलटी करवायची नसते, हे तिने ज्या आवाजात सांगितले, त्या आवाजात ती एरवी फक्त पेटत्या दिव्याजवळ स्पिरिट नेणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोले. मग तिने रुग्णालयात फोन लावला. पलीकडून डॉक्टरीणबाईंनी तीन गोष्टी विचारल्या: वय काय, मूत्रपिंडे कशी आहेत, आणि पोटात नेमके किती गेले आहे. मग म्हणाल्या, लगेच घेऊन या, आणि जे खाल्ले त्याचा डबा बरोबर आणा.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तिला माहीत होती आणि दोन्ही चांगली नव्हती. तिसऱ्याचे उत्तर वर्तमानपत्रामागे बसले होते.

अण्णांनी यायला साफ नकार दिला. हा सगळा बनाव आपल्या रक्ताच्या तपासणीसाठी आहे, हे त्यांनी ओळखले होते. ती तपासणी ते पाच महिने चुकवत होते. सहाच्या सहा पोटात असतील तर काय होईल, याचा हिशेब सूनबाईच्या डोक्यात वहीतल्या आकड्यांसकट चालू होता. आणि खरे सांगायला तिच्याजवळ आता काही उरलेही नव्हते, कारण खरे जे काही होते ते तिने आधीच तांबड्या शाईने लिहून ठेवले होते.

ती खाली फरशीवर बसली, अण्णांच्या पायांजवळ.

"अण्णा, सोड्याच्या डब्यात साखर आहे. खिळे म्हणजे बिस्किटं. बूटपॉलिश म्हणजे जॅम. सगळं मी लिहिलं, सगळं खोटं लिहिलं. दोन वर्षं तुम्हाला फसवतेय. पण हे एक खरं होतं हो."

बोलता बोलता तिचा आवाज फुटला. अण्णांनी वर्तमानपत्र खाली केले. घड्याळाच्या पोटात पाहावे तसे ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. आत कुठल्या चाकाचा दाता अडकला आहे, ते शोधत असावेत. मग त्यांनी खिशातून चष्म्याचे घर काढून तिच्या हातात दिले. आत पाच गोळ्या होत्या, आणि एक अर्धी.

"अर्धीच खाल्ली," ते म्हणाले. "दुपारच्या चहाबरोबर पुरवून खाणार होतो. चवीला मात्र काही खास नव्हती हं. साखरेत हात आखडता घेतलास."

दहा मिनिटांत तिघे रुग्णालयात होते. बोरिक अ‍ॅसिडचे पाकीट, वही आणि चष्म्याचे घर सूनबाईने पिशवीत घातले होते; डबा आणण्याचे काम नवऱ्याकडे होते, आणि ते त्याने विचारपूर्वक केले होते. आपल्या घरात चिठ्ठी एक आणि ऐवज दुसरा, हे त्याला ठाऊक होते. म्हणजे ज्या डब्यावर 'विष' लिहिले आहे त्यात विष नसणार. त्याने उरलेल्या डब्यांतून पांढरी पूड असलेला डबा निवडला आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला.

'धुण्याचा सोडा,' असे डॉक्टरीणबाईंनी वाचले, आणि त्यांचा चेहरा पालटला. सोडा असेल तर प्रश्न वेगळा, त्या म्हणाल्या. घसा, अन्ननलिका, सगळेच भाजले असणार. त्यांनी परिचारिकेला हाक मारली. कुठूनतरी एक लांबलचक नळी आली, नळीमागोमाग आणखी दोन माणसे आली, आणि अण्णांना आडवे करण्याची तयारी सुरू झाली. सूनबाई नवऱ्याला काय आणलेस म्हणून विचारत होती, नवरा आपले तर्कशास्त्र पहिल्या पायरीपासून समजावून सांगत होता, आणि बोरिक अ‍ॅसिडचे पाकीट पिशवीच्या तळाशी वहीखाली दडून बसले होते.

"थांबा," अण्णा शांतपणे म्हणाले. "ती साखर आहे."

डॉक्टरीणबाईंनी विचारले, की हे तुम्हाला कसे माहीत.

"दोन वर्षं रोज खातोय."

 मग अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून ते चार मिनिटे मागे असल्याचे सांगितले, पण त्याने विषय काही बदलला नाही.

तोवर पाकीट सापडले. डॉक्टरीणबाईंनी ते वाचले, वहीतले आकडे पाहिले, चष्म्याच्या घरातली उरलेली अर्धी गोळी पाहिली. पोटात गेले ते थोडे होते. तरीही, या वयात आणि या मूत्रपिंडांवर, थोडे म्हणून सोडून देता येणार नव्हते. रक्त घेतले गेले, पुन्हा काही तासांनी घ्यायचे ठरले, आणि अण्णांना संध्याकाळपर्यंत खाटेवर ठेवले. सूनबाई शेजारच्या स्टुलावर बसून त्यांच्या हातावर लाली दिसते का ते पाहत राहिली. दर पंधरा मिनिटांनी मळमळते का विचारायची. सातव्यांदा विचारल्यावर अण्णा म्हणाले, की मळमळत नाही, पण आता तुझ्या प्रश्नाने मळमळेल.

खिडकीतले ऊन खाटेच्या पायथ्यापासून त्यांच्या गुडघ्यांपर्यंत चढले, आणि लाली काही आली नाही. संध्याकाळी डॉक्टरीणबाई दुसरा अहवाल घेऊन आल्या. बोरिक अ‍ॅसिडची चिंता मिटली होती. साखरेविषयी मात्र त्यांना बरेच बोलायचे होते आणि त्या बरेच बोलल्या.

त्या गेल्यावर सूनबाई म्हणाली, की उद्यापासून प्रत्येक डब्यावर जे आहे तेच लिहीन, आणि असली पूड स्वयंपाकघराच्या दारातही येणार नाही, कुलपात राहील. अण्णांनी मान डोलावली. पण त्यांचा चेहरा उतरला.

"मग मी दिवसभर करू काय?" त्यांनी विचारले. "दुकान गेलं. उघडायला हाताशी काही उरलं नव्हतं गं. साखर काय, चमचाभर घ्यायचो. मजा झाकणात होती."

ज्याला ती दोन वर्षे चोरी समजत होती, तो एका घड्याळजीचा रोजचा धंदा होता. मग तिने सांगितले, की रसायनशाळेच्या भांडारात अकरा स्टॉपवॉच बंद पडून आहेत, चावीची, जुनी, आणि ती उघडणारे कोणी नाही.

अण्णांनी तिच्याकडे रोखून पाहिले. "खरंच बंद आहेत, की मला गुंतवायला सांगतेस?"

"खरंच आहेत, अण्णा."

त्यांनी विश्वास ठेवला. सोमवारी सकाळी ते दाढी करून, भिंग खिशात घालून तिच्याबरोबर भांडारात गेले. प्राध्यापक मंडळी कौतुकाने दारात जमली. अकरा स्टॉपवॉच ओळीने मांडून ठेवलेली होती आणि प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती: 'नादुरुस्त.' तारीख. सही. अण्णांनी पहिले उचलले, कानाशी धरले, आणि अंगठ्याने हळूच त्याची चावी फिरवली. ते टिकटिकू लागले. त्यांनी दुसरे उचलले, चावी फिरवली. तेही चालू लागले. तिसरेही.

अण्णांनी वर पाहिले नाही. त्यांनी फक्त हात पुढे केला आणि अत्यंत मायेने म्हणाले, "सूनबाई, जरा पेन दे. 'ना' खोडायचा आहे."