अनुदानापुरता अबोला

संमतिपत्रकावर पहिली सही कोणी करायची, या एका प्रश्नापाशी प्रसेनजितचे संशोधन बीबी गावातल्या एका ओट्यावर येऊन अडले होते. ओट्याच्या एका टोकाला पुंजाजी, दुसऱ्या टोकाला त्यांचे धाकटे भाऊ गुलाबराव, आणि मधोमध मांडीवर कागद घेतलेला प्रसेनजित. दोघे भाऊ अकरा वर्षे एकमेकांशी बोललेले नव्हते. घर एक, अंगण एक, नळ एक. शब्द मात्र एकही नाही.

प्रसेनजित जवळच्याच सुलतानपूरचा. तालुक्याच्या महाविद्यालयात तो तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवत असे. स्वभाव इतका भिडस्त, की एसटीत आपला थांबा मागे पडला तर कंडक्टरला हाक मारण्यापेक्षा पुढच्या थांब्यावर उतरून चालत परत येणे त्याला सोपे वाटे. न बोलण्याविषयी पुष्कळ काही बोलावे, असे अशाच माणसाला सुचू शकते. ‘ग्रामीण भावकीतील अबोला : एक समाजशास्त्रीय अभ्यास’ या नावाने त्याने सरकारी संशोधन-अनुदानासाठी अर्ज केला होता आणि दिल्लीहून मुलाखतीचे बोलावणेही आले होते. मुलाखत मोबाइलवरूनच व्हायची होती. अट एवढीच, की अभ्यासातले एक कुटुंब, दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीसह, समितीसमोर हजर असावे. वयाच्या अटीमुळे हा त्याचा अखेरचा अर्ज होता. अनुदान मिळाले, तर महाविद्यालयातली रिकामी जागा त्याला मिळण्याची आशा होती. न मिळाले, तर मामांनी पुण्यातल्या एका गोदामात त्याच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती.

“सर, त्याले सांगा,” पुंजाजी समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाले, “चूक ज्याची, पह्यली सही त्याची.”

“गुलाबकाका, ते म्हणतात की—”

“आलं ऐकू. त्यायले सांगा, घरात मोठं कोन हाय? मोठ्यानं पह्यले करा लागते.”

“पुंजाजीकाका, ते म्हणतात—”

“मी का बहिरा हाव? पन तुमी सांगा. रीत हाय थे.”

भांडणाचे मूळ गुलाबरावांच्या मुलाच्या लग्नात होते. वऱ्हाड निघाले तेव्हा जीपमध्ये जागा उरली नाही, आणि नवरदेवाच्या सख्ख्या मोठ्या बापाला, म्हणजे थोरल्या काकाला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, आचाऱ्याच्या कढया सांभाळत जावे लागले. पुंजाजी लग्नाला उभे राहिले, जेवले, आहेर दिला. परतल्यावर ट्रॉलीतून उतरताना त्यांनी जे तोंड मिटले, ते मिटलेच.

सहीची कोंडी अखेर गुलाबरावांच्या बायकोने, धम्मशीलाबाईंनी फोडली. “दोघंबी संगच करा ना,” त्या दारातून म्हणाल्या. “एक कागद, दोन पेन. कोनी पह्यला नाही, कोनी मांगचा नाही.”

हे दोघांनाही पटले, कारण ते दोघांपैकी कोणीच सुचवले नव्हते. ओट्यावर पाट आला. पाटावर कागद आला. पुंजाजी डावीकडून वाकले, गुलाबराव उजवीकडून, दोघेही एकमेकांकडे न पाहण्याचा कटाक्ष पाळत. साहजिकच दोन्ही डोकी मध्यावर येऊन जोरात आदळली.

“लागलं का रे गुलब्या?” पुंजाजी म्हणाले.

“नाही, दादा. तुमाले?”

नळाखालची बादली भरून वाहू लागली, तरी ती उचलायला कोणी उठले नाही. धम्मशीलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. प्रसेनजितचा ऊर भरून आला, आणि त्याच क्षणी, त्याच उरात, एक लहानसा अप्पलपोटा आवाज म्हणाला, की मुलाखत उद्या सकाळी आहे. त्या आवाजाची त्याला फार लाज वाटली. पण तो आवाज त्याचाच होता.

थोड्याच वेळात दोघे भाऊ एका खाटेवर बसून अकरा वर्षांची थकबाकी चुकती करू लागले. कोणाचा गुडघा कधीपासून दुखतो, कोणाच्या सोयाबीनला काय भाव आला, नातू कोणावर गेला. प्रसेनजित बराच वेळ घुटमळला. मग बुटांच्या नाड्यांकडे पाहत म्हणाला, “काका, एक विनंती होती. उद्याच्या मुलाखतीपर्यंत… नाही बोललात तर चालेल का?”

“आता बोललो ना बाप्पा,” पुंजाजी म्हणाले. “भाहीर पडलेलं मांघारी कसं गिळू?”

“दादा, सर आले नसते तं आपली टाळकी भिडली नसती,” गुलाबराव म्हणाले. “पोराच्या पोटाचा सवाल हाय. एक दिवस धरू.”

असा अनुदानापुरता अबोला ठरला. दोघांनी लगेच रंगीत तालीमही केली. गुलाबरावांना तोंड फिरवले की हसू फुटत होते.

“अकरा वर्सं बरं जमलं बे तुले,” पुंजाजी वैतागून म्हणाले, “अन् आज काऊन दात काढून राह्यला?”

“तवा खरंच राग व्हता ना, दादा.”

दुसऱ्या दिवशी मोबाइल धम्मशीलाबाईंच्या हाती होता. चौकटीत दोघे मावावेत म्हणून त्यांना एकाच खाटेवर, पाठीला पाठ लावून बसवले होते. पडद्यावर समितीच्या अध्यक्षबाई आणि एक चष्मेवाले तज्ज्ञ उमटले.

“अबोला आहे, आणि एकाच खाटेवर?” तज्ज्ञांनी विचारले.

“खाट एकच आहे, सर,” प्रसेनजित म्हणाला. हे तरी खरे होते.

पुढे मात्र नवल घडले. विषय आवडीचा, आणि समोरची माणसे शेकडो कोसांवर; प्रसेनजितची जीभ मोकळी झाली. शब्द बोलले जात नाहीत तेव्हा ते कुठे जातात, भांडी आपटण्याच्या आवाजात ते कसे उतरतात, हे तो सांगू लागला. अध्यक्षबाई पुढे झुकून ऐकत होत्या. त्या ओघातच तो म्हणून गेला, “आणि विशेष हे, की अशा प्रदीर्घ अबोल्याचे कारण अत्यंत क्षुल्लक असते. या कुटुंबातही ते क्षुल्लकच होते.”

खाट करकरली. गुलाबराव सावकाश मागे वळले.

“दादा, क्षुल्लक म्हनते.”

“ऐकलं.”

“तुमी भर उन्हाचे कढया धरून गेले, थे क्षुल्लक?”

“अन् मी अकरा वर्सं तोंड शिवून बसलो, थे फुकट?”

“हे तर बोलत आहेत,” चष्मेवाले तज्ज्ञ म्हणाले.

प्रसेनजितला त्या क्षणी गोदाम दिसले. त्यातली पोती, त्यातला अंधार, सगळे स्पष्ट दिसले. मग तो हळू आवाजात म्हणाला, “कालच बोलायला लागले, सर. सह्या करताना. आज बोलू नका, असं मीच त्यांना विनवलं होतं. चूक माझी आहे.”

अध्यक्षबाईंनी तज्ज्ञांना हाताने थांबवले. मग त्यांनी विचारले, “काका, म्हणजे तुमच्या घरातला अबोला संपला?”

“आमचा संपला, बाई,” पुंजाजी म्हणाले. “आता या सरासंगं सुरू झाला.”

“माहा बी,” गुलाबराव म्हणाले, आणि दोघे एकदम उठून आत गेले.

पुढचे काही आठवडे प्रसेनजितने पुण्याला जाण्याची मानसिक तयारी करण्यात घालवले. मग पत्र आले. समितीसमोर बनाव केल्याबद्दल त्याला सक्त समज देण्यात आली होती. त्याखाली लिहिले होते, की अबोला सुरू होताना पाहण्याची संधी समितीला यापूर्वी कधीच मिळाली नव्हती. सबब अनुदान मंजूर करण्यात येत आहे. अट अशी, की दोघा भावांनी संशोधकाशी धरलेल्या अबोल्याचाही अभ्यासात समावेश व्हावा.

पत्र घेऊन तो बीबीला गेला. वाटभर तो एकच गोष्ट मनात उलटसुलट करत होता. आजवर त्याच्यावर कोणी रुसले नव्हते. लोक त्याला विसरत, त्याच्या आधी रांगेत शिरत, त्याचे नाव चुकीचे घेत; पण रुसावे इतका जवळचा तो कोणाला वाटला नव्हता.

“जय भीम, काका,” तो ओट्याखाली उभा राहून म्हणाला.

दोघांनीही आभाळाकडे पाहिले. “गुलब्या,” पुंजाजी म्हणाले, “त्याले विचार, झालं का काम?”

“दादा विचारून राह्यले.”

“झालं,” प्रसेनजित म्हणाला.

“दादा, झालं म्हनते.”

पुंजाजींच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झाले. त्यांनी ते लगेच आवळून घेतले. धम्मशीलाबाईंनी चहाची कपबशी प्रसेनजितच्या हातात दिली आणि दिराला विचारले, “भाऊजी, आता पोरावर कवालोक राग धरता?”

पुंजाजींनी विचार केला. “गुलब्या, त्याचं काम किती दिवस चालते, विचार.”

“दोन वर्षं,” प्रसेनजित म्हणाला.

“दादा, दोन वर्सं म्हनते.”

“मंग दोन वर्सं धरू. पोराचा अभ्यास अर्धा नोको राहाले.” पुंजाजी उठून आत जायला निघाले आणि उंबऱ्याशी थांबले. “अन् त्याले म्हना, येत जाय. थो समोरच नसला, तं आमी अबोला धराव कोनासंगं?”