जोडप्रतीची योजना

संचालकांना विज्ञान समजलं आणि तिथून सगळं बिघडलं.

तोवर संस्थेचं बरं चाललं होतं. संशोधक बाईंना आपल्या औषधाच्या चाचणीसाठी परवानगी हवी होती, आणि संचालकांना सहीआधी विषय समजून घ्यायचा होता. घाई बाईंना होती. चाचणीच्या रुग्णांत त्यांची मावशी होती. तिच्या पेशींतला एक जनुक नको ते प्रथिन बनवत राही, आणि त्यापायी तिचे हात थरथरत; कपातला चहा बशीत, अन् बशीतला मांडीवर.

"सोपं करून सांगा," संचालक म्हणाले.

"जनुक म्हणजे तुमच्या कपाटातला मूळ आदेश समजा. तो बाहेर येत नाही. त्याची नक्कल बाहेर जाते आणि तिच्याबरहुकूम प्रथिन बनतं. आम्ही त्या नकलेची नेमकी उलटी जोडप्रत बनवतो. ती नकलेला अशी बिलगते की पुढं कुणाला वाचताच येत नाही. पेशीतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, तर अशी जोडी दिसली की नक्कल कापूनच टाकतं."

"आणि मूळ आदेश?"

"कपाटात. त्याला धक्काही लागत नाही."

संचालक खुर्चीत पुढं सरकले. "म्हणजे रद्द काहीच करायचं नाही, आणि होऊही काही द्यायचं नाही. बाई, एवढी मोठी गोष्ट तुम्ही उंदरांवर वाया घालवलीत?"

आठवड्याभरात 'संदेश निष्प्रभन कक्ष' उभा राहिला. आदेशांच्या बाहेर जाणाऱ्या प्रत्येक नकलेच्या तोंडावर तिची जोडप्रत डिंकानं चिकटू लागली. नकलेत 'द्यावे' असेल, तर जोडप्रतीत 'देण्याची घाई नसावी'. खालच्या मजल्यावरच्या कारकुनानं सुटा कागद तेवढा वाचायचा, चिकटलेला थेट कातरयंत्रात सारायचा. रजा, बढत्या, स्वच्छतागृहातला दिवा, सगळं मंजूर झालं. नाही म्हणून कुणालाच म्हटलं नाही. शंभर टक्के मंजुरीबद्दल संस्थेला पुरस्कार जाहीर झाला. तो घ्यायला कुणी जावं याचाही आदेश निघाला, त्यामुळे कुणी गेलं नाही.

बाईंच्या परवानगीवर सही झाली. मावशीला सांगून झालं. महिना उलटला तशा बाई खाली गेल्या.

"मंजूर आहे की," कारकून म्हणाला.

"मग नक्कल कुठाय?"

त्यानं यंत्राखालच्या टोपलीकडं हनुवटी केली. "चिकटून आली होती. तुमचीच युक्ती ना बाई? फार पक्की बसते हो."

"अहो, ती नेमक्या नको त्या संदेशालाच चिकटायला हवी. सगळ्यांना नाही."

"नको तो कुठला, हे ओळखायला माणूस लागेल. त्या पदालाही मंजुरी आहे." त्यानं पुन्हा टोपलीकडंच पाहिलं.

संध्याकाळी मावशीनं दोन्ही हातांनी कप धरून सगळं ऐकून घेतलं. निम्मा चहा सांडला.

"उद्या मी त्या संचालकांशी भांडणार आहे," बाई म्हणाल्या.

"आज का नाही भांडलीस?"

"आज जरा... म्हटलं, त्यांचा मूड बघू."

"तुलाही चिकटली बघ," मावशी म्हणाली आणि पदरानं मांडी टिपू लागली.

तुम्ही हसलात, हरकत नाही. तुम्हीही कुणाला तरी 'एकदा नक्की येतो' असं म्हणून ठेवलं आहे. तो शब्द अजून जागच्या जागी आहे. त्याला धक्काही लागलेला नाही.