मागे न बघणाऱ्या काकींचे चार टायर

"टायर नाहीत म्हणजे काय? डोंगर आहे, जीप आहे, चालवणारा आहे, आणि टायर तेवढे नाहीत? उद्या म्हणशील रस्ता संपला, नवा माल आला की कळवतो!"

काकींनी फोन पलंगावर असा आपटला की मांजर उठून दुसऱ्या खोलीत राहायला गेलं. सकाळपासून जो दुकानदार धरावा त्याचं एकच तुणतुणं, 'वरूनच माल येत नाही.' कुणी म्हणे जहाज बंदरात अडकलंय. कुणी म्हणे कारखान्यात रबरच शिल्लक नाही. एक शहाणा तर म्हणाला, सगळ्या जगातच टंचाई आहे.

"जगाचं मला काय सांगतोस?" काकी त्याच्यावर कडाडल्या होत्या. "जगाला टॉवरवर डिझेल पोचवायचंय का? मला पोचवायचंय!"

टेकडीच्या डोक्यावर तो मोठा टॉवर आहे ना, त्याच्या जनरेटरला डिझेल, तिथल्या माणसांना पाणी आणि पाळी बदलणारे कामगार वर न्यायचं काम काकींच्या जीपचं. रस्ता म्हणजे निम्मा चिकणमातीचा आणि निम्मा सुट्या दगडांचा. तिथे चारही चाकांनी जोर लावणारी गाडी लागते, आणि त्या चाकांना खोल खाचांचे, चिखलात नखं रोवणारे टायर लागतात. काकींच्या जीपचे टायर पार गुळगुळीत झाले होते. टॉवरच्या साहेबांनी बजावलं होतं, "गुरुवारी दुपारी पायथ्याशी गाडी तपासणार. टायर नवे नसतील तर काम दुसऱ्याला."

हा दुसरा कोण, ते साहेबांनी सांगायची गरज नव्हती. डोंगर चढणाऱ्या जीपा गावात दोनच. एक काकींची, दुसरी त्यांच्या धाकट्या दिराची. काकींचे यजमान गेले तेव्हा हेच भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले होते, "वहिनी, जीप विकून टाका. बाईमाणसाला हा धंदा झेपायचा नाही." काकींनी जीप विकली नाही. भाऊजींशी बोलणं मात्र टाकलं. आता काम त्यांच्या घशात जायचं म्हणजे इतक्या वर्षांचा अबोला पाण्यात!

मंगळवारी मुलगा म्हणाला, "आई, बाजारातल्या टायरवाल्याकडे चार आहेत म्हणे." या मुलाला घरीदारी सगळे थंडोबा म्हणत. घर पेटलं तर हा आधी चहा संपवील, मग बादली शोधील.

"हे तू आत्ता सांगतोस?"

"तू आत्ता श्वास घेतलास."

काकींची बाजाराची एक रीत होती, सासूबाईंकडून आलेली. वस्तू मनात भरली की तोंड वाकडं करायचं. तिला नावं ठेवायची. आपला भाव सांगायचा, उठायचं आणि चालू लागायचं. मागे वळून बघायचं नाही. जो वळला तो लुटला गेला. दुकानदार कोपऱ्यापर्यंत जाऊ देतो, मग झक मारत हाक मारतो. काकींच्या घरातली कपाटं, पंखे, भांडीकुंडी, सगळी अशी पाठमोरी विकत घेतलेली होती.

टायरवाला गळ्याला मफलर गुंडाळून स्टुलावर बसला होता. काकींनी टायरवर बोट दाबलं, वास घेतला, नाक मुरडलं.

"शिळे दिसतात. काय भाव?"

टायरवाला पुढे झुकून अगदी हळू आवाजात भाव पुटपुटला.

"कानात काय सांगतोस? माल चोरीचा आहे का? माणसासारखा बोल!"

त्याने गळ्याला हात लावला.

"गळ्याशपथ? ज्याचा भाव खोटा त्यालाच शपथ लागते!" काकींनी त्याच्या भावाच्या निम्मा भाव ठणकावून सांगितला. "पटतं तर दे. नाहीतर टंचाई आहे ना, घे उशाला आणि झोप!" आणि त्या उठल्या.

पाठीमागे टण टण टण आवाज सुरू झाला.

"बघ, लोखंडावर राग काढतोय," काकी चालता चालता म्हणाल्या. "दुखलं बरोबर. आता हाक मारील."

"आई, तो..."

"मागं बघू नकोस!"

"नाही, पण तो..."

"तोंड पुढं!"

थंडोबाने तोंड पुढे केलं. किराणावाला गेला, शिंपी गेला, कोपरा आला. हाक आली नाही. काकींची पावलं हळू झाली, चप्पल एकदा उगाच अडखळली, तरी हाक नाही. आयुष्यात पहिल्यांदा काकी कोपऱ्यावरून तशाच रिकाम्या हाताने वळल्या. घरी आल्यावर त्यांनी डाळीचा डबा, दार आणि थंडोबा या तिघांवर राग काढला.

संध्याकाळी फोन वाजला. काकींनी उचलला, तर पलीकडे नुसता घोगरा श्वास. "का...की..."

"कोण रे मेल्या? बायकांना फोन करून श्वास ऐकवतोस? घरात आई-बहीण नाही का?"

"टा... हह... काकी..."

"थांब, तुझा पत्ता काढून तुझ्या जिभेला चटकाच देते!" त्यांनी फोन सुनेच्या हातात कोंबला. "हा नंबर कायमचा बंद करून टाक. जगात टायर मिळत नाहीत, आणि असल्यांचा मात्र सुळसुळाट!"

सुनेने नंबर बंद करून टाकला.

बुधवारी काकींनी सुनेलाच दुकानात पाठवलं, तोंडाला ओढणी, डोळ्यांना काळा चष्मा लावून. "आपल्या घरची आहेस हे कळू देऊ नकोस. आणि गरज आहे असं तर मुळीच दाखवू नकोस."

"मग टायर कशाला हवेत म्हणून सांगू?"

"झोपाळा बांधायचाय म्हण."

"चार?"

"चार पोरं आहेत म्हण!"

सून परत आली ती ओढणी सोडतच. "आई, टायर कापडाखाली झाकून ठेवलेत. तो बोलायलाच तयार नाही. दिले, असं हातानंच सांगितलं."

"कुणाला?"

"मीही विचारलं. त्यानं नुसतं कोपऱ्याकडे बोट दाखवलं."

काकी उभ्याच्या बसल्या. "कोपऱ्यावर कोण राहतं?"

कोपऱ्यावर भाऊजी राहत होते.

गुरुवारी सकाळी काकी पदर खोचून भाऊजींच्या फाटकासमोर उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांनी त्या घराकडे मान वळवली नव्हती. आज मात्र त्यांच्या आवाजाने तिथल्या खिडक्या आपोआप उघडल्या.

"बाहेर या! दुकानात मागल्या दारानं जाऊन टायर पळवता? विधवेच्या पोटावर पाय देता? ऐका रे सगळ्यांनी! ते चार टायर ज्याच्या गाडीला लागतील त्याची चारही चाकं चढावर फुटोत! आणि त्याच्याकडे पाचवं असेल तर तेही फुटो!"

आळीतली माणसं जरा मागे सरली. काकींचा शाप लागतो असं बोललं जाई. त्यांनी शिव्या दिलेला पाण्याचा पंप अजून बंद होता.

भाऊजी बाहेर आले. निम्म्या गालाला साबणाचा फेस आणि हातात वस्तरा.

"वहिनी, कसले टायर? माझी जीप बघा. तिच्या टायरवर आणि माझ्या डोक्यावर सारखंच पीक आहे!"

काकींनी जीप पाहिली. टायर खरंच गुळगुळीत होते. रागाला मध्येच खड्डा लागला.

"मग तुम्ही गेला नव्हतात दुकानात?"

"गेलो होतो की, सोमवारीच. भाव सांगितला, उठलो, चालू लागलो. आईनंच शिकवलंय ना! त्यानं बोलावलंच नाही."

"तुम्हालाही नाही?"

"नाही."

क्षणभर दोघंही एकाच घरची दिसली. मग काकींनी पदर पुन्हा घट्ट खोचला. "म्हणजे तो टायरवालाच लबाड! चला, त्याच्या तोंडावर विचारते!"

रस्त्याच्या एका कडेने काकी, दुसऱ्या कडेने अर्ध्या दाढीचे भाऊजी, मागून सून आणि निम्मी आळी. थंडोबा जीप घेऊन आला. वरात चालली होती की मोर्चा, कुणाला कळत नव्हतं.

"बोल!" काकी दुकानात शिरल्या. "कुणाला विकलेस माझे टायर?"

टायरवाल्याने बोट वर केलं आणि काकींकडे रोखलं.

काकी एक पाऊल बाजूला झाल्या. बोटही बाजूला झालं. त्या दुसरीकडे सरकल्या. बोट तिथेही आलं.

"मला?"

टायरवाल्याने गळ्यातला मफलर सोडला आणि सगळा जीव घशात आणून फुसफुसला, "तुम्हालाच. तुमच्याच भावात. मंगळवारीच."

"मग हाक का नाही मारलीस?"

"आवाज बसलाय! गळ्याला हात लावून दाखवला, तर तुम्ही म्हणालात शपथ घेतो. मग रिम वाजवली. दोन्ही हात हलवले. तुम्ही बघेचनात. संध्याकाळी फोन केला, तर..." त्याने सगळ्यांकडे पाहिलं. पुढचं बोलायची त्याला लाज वाटली.

"तो श्वास तुझा होता?"

सून एकदम आपल्या नखांकडे बघू लागली.

"काल एक गॉगलवाली बाई झोपाळ्याला मागत होती," टायरवाला फुसफुसला. "तिला खुणेनं सांगितलं, कोपऱ्याकडे गेल्या त्या बाईंना दिलेत."

"मी बघितलं होतं," थंडोबा जीपमधून म्हणाला.

"काय बघितलं होतंस?"

"त्याला हात हलवताना. मला वाटलं टाटा करतोय." तो जरा थांबला. "मीही केला."

आळी खदखदून हसली. हसली नाही ती फक्त एक बाई, आणि तिच्याकडे बघून बाकीच्यांचंही हसू हळूहळू आटलं.

"हसण्यासारखं काय आहे? पडला की नाही भाव?" काकी म्हणाल्या. "बसव टायर. साहेब दुपारी यायचेत."

"वहिनी," भाऊजी गालावरचा वाळलेला फेस खाजवत म्हणाले, "पण ते चारही फुटोत म्हणालात ना? चढावर?"

"मी दडवणाऱ्याला म्हणाले!"

"दडवले मीच," टायरवाला बिचारा प्रामाणिकपणे फुसफुसला.

"मग तुझा घसा फुटलाय तेवढा बास! शाप फिटला. आटप आता!"

टायरवाल्याने जॅक लावला. एकेक चाक उतरलं, रिमवर नवा टायर चढला, चाक परत बसलं. काकी पुढच्या सीटवर चढून त्याच्या डोक्यावर टाळ्या वाजवत होत्या. "लवकर! सासरी आल्यासारखा हात चालतोय!" शेवटचं, मागचं डावं चाक बसलं. टायरवाल्याने नट बोटांनी फिरवले, जॅक खाली घेतला आणि ते करकचून आवळायला मोठा पाना आणण्यासाठी तो आत गेला.

काकींनी पाहिलं, जीप चारही चाकांवर उभी आहे आणि जवळ कुणी नाही. "झालं. सोड गाडी!"

थंडोबाने गाडी सोडली.

मागे टण टण टण सुरू झालं. या वेळी त्यात माणसांचे आवाजही मिसळलेले होते, आणि सगळ्यांच्या वर एक जुना, ओळखीचा आवाज, "वहिनी! वहिनी, थांबा!"

"बघ, किती जळफळाट," काकी म्हणाल्या.

"आई, परत वाजवतोय."

"वाजवू दे."

"मागं बघू का?"

"अजिबात नाही!"

किराणावाला गेला. टण टण. शिंपी गेला. टण टण टण. काकींचा हात मांडीवर चुळबुळला. हाच आवाज मंगळवारीही झाला होता, आणि त्या वेळी त्या जिंकत होत्या. कोपरा समोर आला तशी त्यांनी हळूच हात वर केला आणि काचेवरचा आरसा आपल्याकडे वळवला. मागे बघायचं नाही, हे सासूबाईंनी शिकवलं होतं. आरशाबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

आरशात टायरवाला पाना उंचावून धावत होता. त्याच्याही पुढे, अर्धा गाल पांढरा, चप्पल एकाच पायात, भाऊजी येत होते आणि दोन्ही हातांनी मागच्या डाव्या चाकाकडे खुणा करत होते.

"थांब," काकी म्हणाल्या. "रिव्हर्स टाक."

"वळवून घेऊ ना?"

"वळायचं नाही. रिव्हर्स!"

जीप उलटी निघाली. शिंपी परत आला, किराणावाला परत आला, आळी दुभंगली. काकी ताठ बसून समोर बघत होत्या आणि पाठमोऱ्याच टायरवाल्याच्या दारात येऊन पोचल्या. त्याने पाना लावला. एकेक नट दोन-दोन वळसे आत गेला. बघणाऱ्यांपैकी कुणी हसलं नाही.

भाऊजी काकींच्या बाजूला येऊन धापा टाकू लागले. "चाक निघालं असतं चढावर."

"दिसलं मला."

"गप्प बसलो असतो तर काम मलाच..."

"तेही दिसलं." काकी समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत होत्या. मग त्या खेकसल्या, "आता उभे काय राहिलात? बसा मागं! चढाला मागच्या चाकांवर वजन लागतं. आणि ते तोंड पुसा, साहेबांसमोर जायचंय!"

भाऊजी मागे चढले. जीप पुन्हा निघाली, किराणावाला, शिंपी, कोपरा. काकींनी मान वळवली नाही. आरसा मात्र थंडोबाने दोनदा मागितला, तरी त्यांनी त्याच्याकडे परत वळवून दिला नाही.