विजेची बेगमी

सोनूबाईंच्या गच्चीवरच्या बांबूच्या वलांड्या उतरल्या, त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही. त्या बांबूंवर सासूने बोंबील वाळवले, मग सोनूबाईंनी वाळवले, आणि आता तिथे त्यांच्या मुलाने, दिनेशने, काळ्या काचेची सोलर पॅनल बसवली होती. ऊन तेच, गच्ची तीच. फक्त यापुढे बोंबलाऐवजी वीज पिकणार होती.

"एक वलांडी तरी ठेव कोपऱ्यात," सोनूबाई म्हणाल्या.

"आये, काठीची नुसती सावली पडली तरी पॅनल झोपतं," दिनेश म्हणाला.

"सावलीत झोपतं? मंग तुजाच सख्खा भाव हाय तो."

दिनेशने समजावून सांगितलं. दिवसा आपली वीज जास्त झाली की ती तारेतून कंपनीकडे जाते. रात्री आपण ती परत घेतो. उरली तर पुढच्या महिन्यात जमा राहते.

सोनूबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या. पण शिवडी कोळीवाड्यातल्या बाईला बेगमी शिकवावी लागत नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात, म्हणून उन्हात सुकी मासळी करून ठेवायची. पावसाळ्यात ऊनही नसतं. म्हणजे वीजसुद्धा आत्ताच साठवायची! एवढी साधी गोष्ट कॉलेजात गेलेल्या मुलाला सुचली नाही, याचं त्यांना वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

वाळवायला जागा उरली नव्हती, म्हणून त्या हंगामातले ओले बोंबील त्यांनी शेजारच्या रमाबाईला टोपलीच्या पडत्या भावात देऊन टाकले. "घे, बस सुकवत. माज्यासाठी आता कंपनी सुकवते."

मग बेगमी सुरू झाली. इस्त्री बंद. टीव्ही बंद. मिक्सर माळ्यावर गेला आणि पाटा खाली आला.

"आई, रोजचं वाटण पाट्यावर?" सून चैत्राली रडकुंडीला आली.

"मी पाट्यावर वाटूनच दिनेशला वाढवला."

"म्हणूनच असे झालेत ते."

मार्चात ऊन चढलं तसा सोनूबाईंचा उत्साहही चढला. जितकं ऊन जास्त तितकी वीज जास्त, म्हणून जितकं उकडेल तितका पंखा कमी. अशात चैत्रालीचे आईवडील भेटायला आले. सोनूबाईंनी दोघांच्या हातात साडीच्या खोक्याचा एकेक पुठ्ठा दिला. व्याह्यांचा शर्ट पाठीला चिकटला. त्यांनी वर बघत विचारलं, "पंखा बिघडलाय का?"

"बिघडंल कशाला? साठतोय."

"काय?"

"आषाढात या. थंडगार बसवते."

व्याही चहासुद्धा न घेता गेले. चैत्राली दोन दिवस बोलली नाही. सोनूबाईंनी तेही बचतीत धरलं.

एप्रिलचं बिल आलं. दिनेशने ते वाचलं, परत वाचलं, आणि आईपासून जरा लांब जाऊन बसला.

"आये, साठा संपला."

"कोनी खाल्ला?"

"मार्चअखेर कंपनीचं वर्ष संपतं. उरलेली वीज तेच विकत घेतात नि खातं कोरं करतात. आषाढापर्यंत काय उरत नाय."

"घेऊ दे. भाव काय दिला?"

दिनेश अजून थोडा लांब सरकला. "आपल्याला विकतात, त्याच्या पाव भाव."

सोनूबाईंनी पदर खोचला आणि तडक वीज कंपनीचं ऑफिस गाठलं. तिथले अजित सावंत साहेब त्यांचं जुनं गिऱ्हाईक. दर रविवारी लालबागच्या बाजारात त्यांच्याकडूनच मासळी घ्यायचे.

"अरे मावशी! पापलेट आणलं?"

"भांडन आनलंय. माजी वीज कुनाला विकली?"

"तसं सांगता येत नाही. पण जवळच्याच घरात जाते बहुतेक. शेजारीपाजारी."

"म्हंजे रमाच्या पंख्यात! तिच्याकडनं पैशे पुरे घेतले?"

"घेतले."

"नि मना पाव?"

सावंतांनी आधी पाणी मागवलं. मग हळूच विचारलं, "मावशी, रागावू नका. धक्क्यावर पापलेट काय भावानं घेता? आणि मला काय भावानं देता?"

"बरफ कोन देनार?" सोनूबाईंच्या तोंडून सवयीने सुटलं. "टेम्पो कोन देनार? नासलं तर तुजा बाप भरनार?"

"आमचंही तेच आहे, मावशी. तारा आहेत, मीटर आहेत, रात्रपाळीची माणसं आहेत."

या एका बोलण्यावर सोनूबाईंनी आयुष्यभर भल्याभल्या गिऱ्हाइकांची तोंडं बंद केली होती. ते उलटं आपल्यावर आलं तर काय बोलायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"पन मी होडीवाल्या नाखव्याला मार्चात सांगत नाय, तुजी उरलेली मासळी आता माजी," त्या शेवटी म्हणाल्या.

सावंतांनी पेन खाली ठेवलं. "ते खरंय," ते म्हणाले. "पण नियम वरून येतो."

वरून काय काय येतं, ते सोनूबाईंनी आषाढात पाहिलं. वरून नुसतं पाणी आलं. पॅनल काळ्या ढगाखाली काळी पडून राहिली आणि मीटर पळत सुटला. घरात साठवलेली वीज नव्हती आणि सुका बोंबीलही नव्हता. डाळभात समोर ठेवून दिनेश ताटाकडे असा बघायचा की जणू ताटात कुणी मेलंय.

शेवटी मान खाली घालून सोनूबाई रमाबाईच्या दारात गेल्या. रमाबाईने सुक्या बोंबलांची जुडी पुढे केली आणि भाव सांगितला.

"अगो, हे माजेच बोंबील!"

"तुजेच. पन ओले तुजे."

"टोपलीच्या भावात दिलते तुला!"

"मग? वलांड्या कोन देनार?" रमाबाई शांतपणे म्हणाली. "गच्ची कोन देनार? कावळे हाकलायला दिवसभर उन्हात कोन बसनार?"

सोनूबाईंनी जुडी हातात तोलून पाहिली. कमरेची पिशवी सोडून मागेल तेवढे पैसे मोजले.

"घामेजलीस की गो," रमाबाई म्हणाली. "बस जरा पंख्याखाली."

सोनूबाई बसल्या. वर पंखा मजेत फिरत होता. दुसऱ्याच्या घरी दिलेल्या लेकीकडे बघावं तशा त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"माज्याच घरची ती," त्या पुटपुटल्या.

"कोन गो?"

"कोन नाय. जोरात लाव."