उकंडराव अनसिंगकर यांची अतिदक्षता-दुर्गातून सुटका

मौजे अनसिंग येथील राजमान्य राजश्री उकंडराव हे अतिदक्षता नामे दुर्गम किल्ल्यातून पायी चालत बाहेर पडले, त्याचे वर्तमान मुलखी नानापरी पसरले. कोणी म्हणे देवाने सोडविले, कोणी म्हणे सलाइनने. सबब जे खरे घडले ते येथे लिहिले असे. ऐकणारांनी चहा आधीच घ्यावा, मध्ये उठू नये.

ते समयी वाशीम शहरी एका दवाखान्यात नवा बंदोबस्त जाहला होता. पलंगाशी यंत्र, यंत्रास तारा, माथ्यावर कॅमेरा, आणि या सर्वांची खबर क्षणोक्षणी नागपुरी जात असे. तेथे डॉक्टर उदयसिंग साहेब बहाद्दर पडद्यापुढे बैसोन वाशीमच्या हरएक नाडीवर हुकमत चालवीत. कागदाचा अंमल उठला होता. संगणकी चढले तेच खरे. उकंडराव छातीत कफ दाटोन येथे दाखल जाहले, आणि मग औषध लागू पडले, ताप उतरला, भूक लागली, आणि साध्या वॉर्डात जाण्याची आस लागली. कारण त्यांचे कुटुंब प्रयागबाईसाहेब दाराबाहेर बाकावर तळ देऊन होत्या आणि भेट रोज घटकाभरच. शिवाय या किल्ल्यातून स्वपायी बाहेर गेलेला कोणी उकंडरावांनी अद्याप पाहिला नव्हता. म्हातारा मनातून भ्याला होता, हे लिहिलेच पाहिजे.

परंतु सुटकेची तजवीज होताच यंत्र किंचाळे, पडद्यावरील रेघा बुजल्या बैलासारख्या उधळत, आणि नागपुराहून फर्मान सुटे की, हृदय बेताल जाहले, रुग्णास हलवू नये. सिस्टर धम्मदीपा दौडत येत, तो रेघा शांत आणि उकंडराव पांघरुणात हात घालून साधूसारखे पडलेले. मग संगणकी नोंद चढे आणि मुक्काम वाढे. यंत्र बदलिले, तारा बदलिल्या, नागपुरी मसलती जाहल्या. गनीम काही ठाव देईना.

मग एके दिवशी भेटीचे समयी प्रयागबाई आत आल्या, यंत्र किंचाळले, आणि धम्मदीपा यंत्राकडे धावल्या, परंतु बाईसाहेबांनी पांघरुणाकडे पाहिले. ते हलत होते.

"अवो, काय घोटून राह्यले जी तुमी?"

"कायी नाई व. हात रिकामाच हाये."

बाईसाहेबांनी पांघरूण ओढिले, तो तळहात खरोखरच रिकामा, परंतु दुसऱ्या हाताचा अंगठा त्यावर गरगरा फिरत होता. खर्रा, म्हणजे तळहाती घोटोन खावयाची तंबाखू-सुपारी, सोडण्याची शपथ उकंडरावांनी दाखल होतानाच घेतली होती. तंबाखू सुटली, सुपारी सुटली, अंगठा मात्र ऐकेना, सुटकेची गोष्ट निघताच तर अधिकच फिरे. शपथ मोडल्याचा बोभाटा नको म्हणोन पांघरुणाचा आसरा. त्या घोटण्याने छातीवरील तारा हालत आणि नागपुरी प्रलय दिसे.

"तंबाखू नाई, सुपारी नाई, मंग कायले घोटता?"

"तू भाईर बसतं. मले इथं करमत नाई."

बाईसाहेबांचा राग तेथेच उतरला. धम्मदीपांनी कॅमेऱ्यासमोर कैफियत मांडली. उदयसिंग साहेबांनी फर्माविले की, रुग्णाने आता हुकुमाने घोटावे. घोटले, रेघा उधळल्या. थांबावे म्हणता थांबले, रेघा शांत. साहेबांनी खात्रीस्तव पुनःपुन्हा घोटविले, आणि घोटविता घोटविता वाशीमच्या पडद्यावर दिसणाऱ्या साहेबांचाही अंगठा आपल्या तळहातावर फिरू लागला, तो त्यांनी लगबगीने टेबलाखाली नेला आणि सुटकेचा हुकूम दिला. तरी संगणक कारण मागू लागला. त्याच्या यादीत पृथ्वीवरील यच्चयावत रोग होते, हा नव्हता. मग धम्मदीपांनी 'इतर' या रकान्यात 'रिकाम्या हाती खर्रा घोटणे' ऐसे लिहिले आणि संगणकाने मुकाट्याने मान तुकविली.

येणेप्रमाणे अतिदक्षता फत्ते जाहली. तारा काढिल्या, आणि उकंडराव आपल्या पायांनी दाराकडे निघाले, आणि अंगठा पुन्हा वळवळू नये म्हणोन प्रयागबाईंनी भर दरबारात त्यांचा हात धरिला. लग्नानंतर चारचौघांत हात धरिला तो प्रथम आताच. तेव्हा उकंडरावांचे काळीज कैसे दौडले याची नोंद नागपुरी नाही, वाशिमी नाही. तारा आधीच निघाल्या होत्या.