अनुसूयेला काय काय येतं

राजाजीनगरातल्या सकवारअक्कांनी चार भाच्यांची लग्नं नुसत्या तोंडाच्या जोरावर जमवली होती. एकीच्या हातचा उपमा चाखून गल्लीतले कावळे कायमचे परागंदा झाले, तिलासुद्धा अक्कांनी 'साक्षात अन्नपूर्णा' म्हणून खपवलं. मुलीला काय येतं असं परक्याने विचारलं की खरं सांगायचं नसतं, हा त्यांचा धर्मच. त्यामुळे मल्लेश्वरमच्या नव्या शाळेत पाचवी भाची अनुसूया हिला काय काय करता येतं ते तपासणार म्हटल्यावर त्यांनी रेशमी परकर आणि गजरा बाहेर काढला.

अनुसूया नऊ वर्षांची. जन्मापासून हातपाय आखडलेले, जीभ जड. आईमागे अक्कांनीच वाढवलेली. घास अक्का भरवायच्या, वेणी अक्का घालायच्या, शिंक आली तर नाकही त्याच धरायच्या. पोरीचा अर्धा शब्द बाहेर येईतो उरलेलं वाक्य बोलून मोकळ्या! खिडकीतून दप्तरवाल्या पोरी बघून बघून अनुसूयेला एकच ध्यास लागला होता. झाडाखाली मैत्रिणींत बसायचं आणि आपल्या हाताने खायचं. ही शाळा तर तिच्यासारख्याच मुलांसाठी होती.

शाळेतल्या डॉक्टरीण वसुमतीबाई धारवाडच्या, मराठी झकास बोलायच्या.

"बाळ, घरी काय काय करतेस?"

"मी... क..."

"कशिदा!" अक्का म्हणाल्या. "स्वेटर विणते. पोळी अशी लाटते, की आरपार शेजारचं घर दिसावं!"

"आणि स्वतःचं जेवण?"

"स्वतःचं आटपून पंगतीला वाढते, हो!"

वसुमतीबाईंनी पोरीच्या मुडपलेल्या बोटांकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. "मग हिला आमची गरजच नाही. सरी, ठीक आहे, या तुम्ही."

अनुसूयेने जोरजोरात मान हलवली.

"अय्यो, नाही हो!" अक्का गर्रकन फिरल्या. "काही म्हणता काही येत नाही तिला! पुढ्यात इडली ठेवली तरी नुसती बघत बसते!"

"असं? मग इडलीच मागवू. अक्का, तुम्ही आपल्या हातांवर बसा."

पहिला तुकडा खाली पडला. दुसरा गालाला लागला. चटणी नाकावर चढली. अक्कांचे खांदे उडायला लागले. "अगं, इकडून धर, असं..."

"तोंडावरही बसता येईल का?" वसुमतीबाईंनी विचारलं.

तिसरा तुकडा तोंडात गेला. इडली थंडगार झाली होती, पण इतकी गोड इडली अनुसूयेने जन्मात खाल्ली नव्हती. तिने ताटली स्वच्छ केली.

"शाब्बास! सोमवारपासून ये," वसुमतीबाई म्हणाल्या. "एकच अट. अक्कांनी फाटकाबाहेर थांबायचं."

अक्का उठल्या. मोकळे झालेले हात कुठे ठेवावे हेच त्यांना कळेना. गजरा नीट करायला एक हात पुढे गेला आणि तसाच मागे आला. अनुसूयेला हवं ते सगळं मिळालं होतं, पण ती अक्कांच्या त्या हाताकडेच बघत राहिली.

"डॉक्टर..." तिने सुरुवात केली. वाक्य लांबलचक होतं, पण मधे कुणीच बोललं नाही. "अक्का... नसली... तर मला... इडली... खाताच... येत नाही."

वसुमतीबाईंनी रिकाम्या ताटलीकडे पाहिलं. मग चटणीने माखलेल्या त्या नाकाकडे.

"मुळीच नाही?"

"मुळीच... नाही."

"घराण्याचं नाव राखलंस गं बाई! बरं, शुक्रवारी आत येऊ देत अक्कांना."

"शुक्रवारी, आणि मंगळ..." अक्कांना कंठ फुटला.

"अक्का, थां...ब!" अनुसूयेने वाकडा हात उंच केला. "मी... बोलते."

अक्कांनी दोन्ही ओठ घट्ट मिटून घेतले.

"मंगळवारी... पण."