काच बघणारे मल्लूमामा

डॉक्टरांच्या व्याख्यानाला कुणी वही घेऊन येतं, कुणी नुसती भूक. मल्लूमामा मायक्रोस्कोप घेऊन यायचे. स्कूटरच्या मागच्या सीटवर, घोंगड्यात गुंडाळून, दोरीनं आवळलेला.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या डॉक्टरांच्या एका मंडळात कारकून होतो. समई, हार, शाल-नारळ आणि पाहुण्यांची दीड पानी ओळख, एवढं माझं खातं. मामा एका पॅथॉलॉजी लॅबमधले जुने टेक्निशियन. आमंत्रण नसायचं, तरी शेवटच्या रांगेत बसायचे. पडद्यावर रक्ताचा झकास रंगीत फोटो आला की मागून आवाज यायचा, ‘‘फोटू ऱ्हाऊ द्या. काच दावा की!’’

काच म्हणजे रक्ताचा थेंब पसरून रंगवलेली पट्टी. विमानानं आलेल्या पाहुण्यांकडं ती बहुधा नसायची. मग त्यांचा आवाज एक पायरी खाली यायचा.

लॅबमध्ये पेशी मोजायचं यंत्र आलं, तरी मामा डोळा लावून मोजतच राहिले. ‘‘मशीन मोजतंय वो. वळखत न्हाय.’’

दोन हजार सालानंतर रक्ताच्या एका कर्करोगावर नवी गोळी आली. तिच्यावर व्याख्यान झालं. काही आठवड्यांत रक्त पूर्ववत दिसू लागतं, असं वक्ते म्हणाले. मामा उठले. ‘‘बावीस वर्सं ह्या रोगाच्या काचा बघतोय. एक सुधारल्याली दावा, मग टाळ्या वाजवतो.’’

पुढं हुपरीच्या सुशीलाला ती गोळी सुरू झाली. ही बाई घरी पैंजणांना घुंगरं जोडायची. दोन-अडीच महिन्यांनी तिचं रक्त लॅबमध्ये आलं. मामांनी डोळा लावला आणि ओरडले, ‘‘कुणाची काच हाय ही? बदललीया!’’

रक्त स्वच्छ होतं. म्हणूनच मामांनी रिपोर्टवर सही केली नाही. तिला परत बोलावलं, परत रक्त घेतलं. परत स्वच्छ. मामांनी सगळ्या लॅबला फैलावर घेतलं आणि तिसऱ्यांदा निरोप धाडला. ती आलीच नाही. पुन्हा पुन्हा बोलावतात याचा तिनं एकच अर्थ लावला होता.

रविवारी मामा स्वतःच निघाले. रस्ता खराब, म्हणून मायक्रोस्कोप मांडीवर धरायला मी.

सुशीला दारातच उभी होती. ‘‘मामा, खरं सांगा. किती दिस ऱ्हायल्यात?’’

मामांनी घोंगड्याची दोरी सोडली. तिच्या बोटाला सुई टोचली, थेंब पसरला, वाळवला, रंगवला, नळाखाली धुतला. अंगणातल्या उन्हात मायक्रोस्कोप मांडला. मोजलं. परत मोजलं. मग मला म्हणाले, ‘‘तुमी बघा. माजं चुकतंय.’’

गुलाबी ठिपके, मधूनच एखादा जांभळा.

‘‘एवढंच?’’

‘‘एवढंच असाय पायजे. हितं जांभळ्यांची जत्रा भरल्याली असायची.’’

इतक्या पाहुण्यांच्या ओळखी लिहिल्या मी, विशेषणांचा कधी तुटवडा पडला नव्हता. त्या अंगणात एकही सुचेना.

‘‘सांगा की वो,’’ सुशीला म्हणाली.

‘‘रक्त चांगलं हाय अक्का. गोळी बंद करायची न्हाय, तपासाय येत ऱ्हायाचं.’’ मामांनी दाराआडून बघणाऱ्या पोरीकडं बोट केलं. ‘‘पोरगी कितवीत हाय?’’

‘‘चौथीत.’’

‘‘धाव्वी पास झाली की पेढं घिऊन लॅबात या. दुसऱ्या कुणासंगं धाडायचं न्हाय. तुमी सोता या.’’

ती पायरीवर बसली आणि तोंडाला पदर लावला.

येताना मामा स्कूटर फार हळू चालवत होते. मागं न बघता म्हणाले, ‘‘ह्या रोगाच्या माणसानं मला अजून पेढा दिल्याला न्हाय वो.’’